जपानी सिनेमातला डबा

एखाद्या माणसाने वर्षानुवर्षं एकच सिनेमा पाहावा, तोही अर्धाच, तोही स्वतःला अवाक्षर न कळणाऱ्या भाषेतला, आणि वर तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगण्याचा कंटाळा त्याला कधीही येऊ नये, असा माणूस मी आमच्या साडूंखेरीज दुसरा पाहिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातंच मुळात चमत्कारिक. ना रक्ताचं, ना मैत्रीचं. एकाच घरातल्या दोन मुली केल्या, एवढ्या एका गुन्ह्यापायी दोन परक्या पुरुषांना जन्मभर एकमेकांच्या घरी जाऊन 'आणखी एक पुरी घ्या'चा आग्रह सोसावा लागतो. मी बदलापूरच्या एका नव्या इमारतीत राहणारा, नाकासमोर चालणारा कारकून. ते उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात, बराकीतल्या दोन खोल्यांत राहणारे आणि अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत बॉयलरवर काम करणारे. 'करणारे' हा शब्द मी त्यांचं मन राखण्यासाठी वापरला आहे. सिनेमाचं हे सगळं प्रकरण सुरू झालं तेव्हा ती कंपनी बंद पडलेली होती, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज साऱ्या अंबरनाथला ठाऊक होती.

कंपनी बंद झाली ती अशी. एका सोमवारी सकाळच्या पाळीची माणसं गेटवर गेली तर गेटला कुलूप. नोटीस नाही, भांडण नाही, संप तर त्याआधी कित्येक वर्षांत झाला नव्हता. मालकांनी दुसऱ्या राज्यात कुठेतरी नवा कारखाना काढल्याचं मागाहून कानावर आलं. ज्यांच्या जिवावर जुना कारखाना चालला त्यांना 'उद्यापासून येऊ नका' एवढं सांगायलाही कुणाला सवड झाली नव्हती. कामगार काही दिवस गेटवर ओरडले आणि मग पोटामागे पांगले. कुणी रिक्षा घेतली, कुणी वांगणीला भावाच्या मळ्यात भेंडी तोडू लागला, कुणी गावी गेला तो गेलाच. आमचे साडू मात्र दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा खाकी युनिफॉर्म घालून, सायकलच्या हँडलला डबा अडकवून गेटवर हजर. तिसऱ्या दिवशीही हजर. गेटसमोर नाल्यावर एक कठडा आहे, त्यावर ते बसायचे. नाला कधी निळा असायचा, कधी लाल, आणि शेजारच्या कंपन्या जोरात चालल्या आहेत याचा त्यांना तेवढाच आनंद व्हायचा. दुपारी बाजूच्या कंपनीचा भोंगा व्हायचा. टपरीवाला म्हणायचा, "जेवून घ्या शेठ, झाली सुट्टी." साडू मान हलवायचे. "तो आपला भोंगा नाय." आणि संध्याकाळी डबा जसाच्या तसा घरी परत यायचा.

डबा परत आला की तो उघडून, पुन्हा वाफ देऊन त्यांच्यापुढे ठेवायचं काम माझ्या मेहुणीचं. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडू गेटवर बसत, तेव्हा घर अक्का चालवत होती. उल्हासनगरात गल्लोगल्ली जीन्स शिवतात. शिवलेल्या पँटींचे गठ्ठे ठेकेदाराचा माणूस घरी आणून टाकतो आणि बायका बसून त्यांच्या शिवणीवरचे लोंबते धागे कापतात. अक्काची बोटं कायमची निळी झाली होती. सणासुदीला ती हळदीकुंकवाला गेली तरी बोटांच्या टोकांवरचा तो निळा जात नसे. मी एकदा साडूंना खरवईच्या एका नव्या कॉम्प्लेक्सवर वॉचमनची नोकरी लावून देतो म्हणालो. ते माझ्याकडे कीव केल्यासारखे हसले. म्हणाले, "साडूभाऊ, मी कामावरच आहे. सुट्टीवर कंपनी आहे." आतल्या खोलीत अक्काचं कटर जरा जास्तच जोरात वाजलं.

सिनेमा त्यांच्या आयुष्यात आला तो माझ्या मुलीच्या वाढदिवसाचं निमित्त होऊन. तेव्हा घरोघरी सीडी प्लेअर आले होते, आणि उल्हासनगरच्या बाजारात जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्याच कुठल्या तरी वस्तूच्या कव्हरात मिळत असे. साडूंनी एका दुकानात 'लहान मुलांसाठी कार्टून' मागितलं. दुकानदाराने सशाचं चित्र असलेल्या कव्हरात घालून दोन सीड्यांचं कार्टून दिलं. आमच्या हॉलमध्ये इमारतीतली पोरं कागदी टोप्या घालून बसली, केक कापून झाला आणि साडूंनी मोठ्या ऐटीत सीडी लावली. ससा काही आला नाही. आलं ते एक अजस्र, करड्या रंगाचं शहर. जिकडेतिकडे गंजके पाईप, लोखंडी टोप घातलेले शिपाई, आणि मधोमध एक बंद पडलेला कारखाना. त्याच्या आभाळाला टेकलेल्या धुराड्याच्या सावलीत राहणारी, वर मान करून न बघणारी माणसं. सुरुवातीलाच शिपायांनी एक अख्खी वस्ती पेटवून दिली. माणसं बोलत होती जपानी, आणि खाली पट्टीवर उमटत होती ती अक्षरं चिनी. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या बंटीने भोकाड पसरलं, त्याचं बघून बाकीच्यांनी सूर धरला आणि वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती वस्ती मीच पेटवली होती. एवढ्यात साडू उठले. टीव्हीच्या शेजारी जाऊन उभे राहिले, घसा खाकरला, आणि जळत्या घरांकडे बोट दाखवून म्हणाले, "ए, रडता काय रे? होळी आहे ही त्यांची! आता सगळ्यांना पुरणपोळी मिळणार, बघा." बंटी गप्प झाला.

माणसाला आपला हुन्नर कुठे सापडेल ते सांगता येत नाही. साडूंना तो माझ्या हॉलमध्ये, कागदी टोपी डोक्यावर असताना सापडला. त्या दुपारी त्यांनी सबंध सीडीचं मराठी करून टाकलं. त्यातली गोष्ट साधारण अशी दिसत होती: एक भाऊ आणि एक बहीण पत्र्याचा एक डबा फडक्यात गुंडाळून, शिपायांची नजर चुकवत, सगळं शहर ओलांडून चालली आहेत. डब्याला धक्का लागू नये म्हणून जिवापाड जपताहेत. शेवटी ती बंद कारखान्याच्या फाटकाशी पोचतात. तिथे एका डोळ्याचा एक म्हातारा दगडावर बसलेला असतो. मुलगी डबा त्याच्या मांडीवर ठेवते, काहीतरी बोलते, म्हातारा झाकणावर हात ठेवतो, काहीतरी बोलतो, आणि सीडी संपते. आता बंद कारखाना, फाटकावर बसलेला म्हातारा आणि घरच्या पोरांनी जपून आणलेला पत्र्याचा डबा, एवढं समोर असल्यावर आमच्या साडूंच्या मनात शंका कशी यावी? त्या डब्यात जेवणच होतं. मुलीचा आवाज काढून ते म्हणायचे, "बाबा, डबा आणलाय. आज वाल आहेत. गरम आहे तोवर खाऊन घ्या." मग आवाज जाड करून म्हाताऱ्याचं उत्तर: "भोंगा होऊ दे. मग खातो." भाजी तेवढी दर वेळी बदलायची. अक्काने त्या दिवशी जी केली असेल ती जपानमध्ये पोचायची.

दुसऱ्या सीडीत काय आहे ते आम्हाला त्या दिवशी कळलं नाही, कारण ती लावली तर तीत कुणा सिंधी कुटुंबाच्या लग्नाचं शूटिंग निघालं. साडू आठवड्याने दुकानात जाब विचारायला गेले. दुकानदार जराही ओशाळला नाही. म्हणाला, "साईं, पहला पार्ट अच्छा निकला ना? बस! ऐसी पिक्चर का एन्ड कौन देखता है?" साडूंना हे म्हणणं पटलं, हे विशेष. ते सीडी घेऊन घरी आले आणि त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे 'जपानी' लागू लागलं. सिनेमाला त्यांनी दिलेलं नाव एवढंच. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच विचारायचे, "जपानी लावू का?" आणि उत्तराची वाट न पाहता लावायचे. शेजारच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्यांनी ते पाहिलं, वीजबिलाची तक्रार सांगायला आलेल्या शेजाऱ्याने पाहिलं. पिशवीत सीडी घालून ते दुसऱ्यांच्या घरीही जात. एका तेराव्यालाही त्यांनी हळूच विचारलं होतं, की मंडळी बसलीच आहेत तर लावू का.

आवाज त्यांना सगळे काढता यायचे. शिपायांचा वरिष्ठ हा त्यांच्या कंपनीचा प्रॉडक्शन मॅनेजर होता, अगदी नाकात बोलण्यासकट. सीडी एका ठिकाणी घासली गेली होती, तिथे चित्र अडकून थरथरत राहायचं. साडू तेवढ्यात म्हणायचे, "इथे तो विचारात पडलाय," आणि सीडी सुटेपर्यंत त्याचा विचार बोलून दाखवायचे. पण त्यांची खरी कमाल पाहायची ती लोडशेडिंगच्या वेळी. ऐन सिनेमात लाईट जायची, पंखा थांबायचा, टीव्हीची काच काळी पडायची, आणि साडू थांबायचेच नाहीत. काळ्या काचेवर बोट ठेवून, "हा बघा आला शिपाई, लपा रे पोरांनो," असं त्यांचं चालूच. आणि आम्ही, चांगली शिकलीसवरलेली माणसं, घाम पुसत त्या काळ्या काचेकडे बघत बसायचो. माझी बायको एकदा न राहवून म्हणाली, "बाजूला व्हा ना दादा, दिसत नाहीये."

मी एकदा त्यांना विचारलं, की एवढं काय आहे त्या सिनेमात. वाटलं होतं, काहीतरी चेष्टेवारी नेतील. त्यांनी चित्र थांबवलं आणि कारखाना चालू असतानाच्या जुन्या धुराच्या एका दृश्याजवळ मला बोलावलं. म्हणाले, "हा धूर कुणीतरी बसून काढलाय हो. हातानं. एकेक रेघ. हा पाईप बघा, ह्याचा बोल्ट बघा, गंज बघा. आपल्या हिंदी पिक्चरमध्ये आपली वस्ती दाखवलीय कधी? हिरो बागेत नाचणार, नाय तर फॉरेनला. आणि हा कुठला कोण जपानी, याला वाटलं की हे पण चित्र काढण्यासारखं आहे. आपल्या धुराकडे म्युनिसिपालटी पण बघत नाय, साडूभाऊ." मी त्या बोल्टकडे पाहिलं. खरंच, कुणीतरी फार मायेने काढला होता. त्यानंतर मी 'जपानी'ला हसणं जरा कमी केलं.

खंडेनवमीला त्यांच्या कंपनीत यंत्रांची पूजा व्हायची. त्या एका दिवशी कामगारांच्या बायकापोरांनाही आत सोडत. अक्का लग्नानंतर पहिल्यांदा कंपनीत गेली ती तेव्हाच, आणि बॉयलरला हळदकुंकू लावताना तिचा हात भाजला होता. कंपनी बंद झाल्यावर पूजा कशाची करायची हा प्रश्न आला. साडूंनी तो सोडवला. त्यांनी कुलपाची पूजा सुरू केली. झेंडूचा हार, हळदकुंकू, आपट्याची दोन पानं, उदबत्ती, नारळ, सगळं त्या गंजक्या कुलपाला. पहिल्या वर्षी पुष्कळ कामगार आले, डोळे पुसत प्रसाद घेऊन गेले. मग दरसाल कमी होत गेले. शेवटी शेवटी साडू, अक्का आणि नात्याच्या भिडेने गेलेला मी, एवढेच उरलो. आतला कॉन्ट्रॅक्टवरचा वॉचमन गजांतून हात काढून खोबरं घ्यायचा आणि विचारायचा, "चाचा, ये ताले में कौन सा भगवान है?" साडू शांतपणे सांगायचे, "उघडल्यावर कळेल." ज्या मालकाने हे कुलूप घातलं तो त्या वेळी कुठल्या तरी गार खोलीत बसला असेल, आणि इथे एक माणूस त्या कुलपाला बोटाने कुंकू लावतो आहे. मला देवाधर्माचं फारसं काही नाही, पण त्या क्षणी कुणाला तरी शिव्या घालाव्यात असं फार वाटायचं.

एके वर्षी गेटच्या बाजूला रंगीत फलक लागला. तिथे उंच इमारती होणार होत्या. चित्रात हिरवळ होती, पोहण्याचा तलाव होता, आणि एक गोरी बाई कुत्र्याला फिरवत होती. साडूंनी फलक पाहिला आणि म्हणाले, "बाजूच्या प्लॉटचा असेल." त्याच सुमाराला माझी मुलगी, आता कॉलेजात जाणारी, कुठल्याशा मैत्रिणीकडून एक डीव्हीडी घेऊन आली. "बाबा, काकांचं जपानी मिळालं! पूर्ण! इंग्लिश सबटायटल्स पण आहेत. क्लासिक आहे हे, जगभर लोकं वेडी आहेत याच्यासाठी. डिस्टोपिया म्हणतात याला. काय डार्क आहे, काय ब्यूटिफुल आहे!" तिने हे साडूंनाही फोनवर सांगितलं. साडूंनी विचारलं, डिस्टोपिया म्हणजे काय. ती म्हणाली, म्हणजे भविष्यात बिघडून गेलेलं जग. पलीकडून साडूंचा आवाज मला ऐकू आला. "भविष्यात कशाला, बाळा?" त्यांचा प्रश्न अगदी साधा होता, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

आम्ही घरी ती डीव्हीडी पाहिली. खालच्या ओळी वाचत गेलो तेव्हा खरी गोष्ट कळली. तो एका डोळ्याचा म्हातारा कुणी इमानी कामगार नव्हताच. तो शिपायांचा खबऱ्या होता; त्यानेच ती वस्ती दाखवून दिली होती, आणि सुरुवातीच्या त्या आगीत भावंडांचे आईबाप जळाले होते. आणि डबा? डब्यात सुरुंग होता. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच म्हातारा झाकण उघडतो, आणि म्हातारा, फाटक, कारखाना, ते आभाळाला टेकलेलं धुराडं, सगळं खाली येतं. ते पडणं किती सावकाश आणि किती सुंदर काढलं होतं! माझी मुलगी श्वास रोखून बघत होती. जगभरच्या लोकांनी त्या डब्यात सुरुंग पाहिला असणार. वालाची उसळ फक्त उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात दिसली. बायको म्हणाली, "दादांना हे दाखवायचं नाही. खबरदार."

पण हे अक्काला कळलंच, बहिणींच्या पोटात काही राहत नाही. ती दुसऱ्याच दिवशी बदलापूरला आली. उन्हातून आली होती, पाणीही न घेता म्हणाली, "भाऊजी, मला ती शिडी पाहिजे." सीडी काय, डीव्हीडी काय, तिच्या तोंडी सगळी शिडीच. मी म्हटलं, "अक्का, कशाला? त्यांच्या आनंदावर..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "आनंद कुणाचा? रोज सकाळी चारला उठून डबा भरते मी. रोज तो तसाच परत येतो. माणूस उपाशी बसतो तिथे, कुलपाकडे बघत. माझा अख्खा संसार त्या पहिल्या शिडीत अडकलाय. त्यांना शेवट दाखवा. एकदा बघू दे पडताना. मग तरी सुटतील, आणि मी पण सुटेन." तिची निळी बोटं पदराशी चाळा करत होती. मी डीव्हीडी दिली.

रविवारी दुपारी साडूंच्या घरी सगळे जमले. आमचा डीव्हीडी प्लेअर मी नेऊन जोडला होता. जुन्या कंपनीतले दोघेतिघेही आले होते. साडूंनी युनिफॉर्मचा शर्ट घातला होता आणि नवऱ्यामुलासारखे इकडून तिकडे फिरत होते. खालची इंग्रजी अक्षरं त्यांनीच बंद करायला लावली. म्हणाले, "लोकांचं लक्ष जातं." पहिला भाग त्यांनी असा रंगवला की तसा कधी रंगला नव्हता. मुलीने डबा दिला. "बाबा, डबा आणलाय. आज मेथी आहे. गरम आहे तोवर खाऊन घ्या." म्हातारा झाकणावर हात ठेवून म्हणाला, "भोंगा होऊ दे. मग खातो." इथे आजवर सीडी संपत आली होती. आता चित्र पुढे सरकलं. साडूंनी उत्साहाने घसा खाकरला. म्हाताऱ्याने कडी काढली. साडू म्हणाले, "बरं, बघतो तरी..." आणि काच पांढरी झाली.

मग ते धुराडं पडू लागलं. खूप वेळ पडत होतं. वीट न् वीट सुटी होत होती, आणि कुणीतरी ती प्रत्येक वीट हाताने काढलेली होती. खोलीतले सगळे साडूंकडे बघत होते, ते काय बोलतात म्हणून. ही होळी आहे म्हणतील, भूकंप म्हणतील, काहीतरी म्हणतील. ते काहीच बोलले नाहीत. त्यांचं बोट नेहमीच्या जागी काचेपाशी वर उचललेलं होतं आणि तसंच राहिलं. सिनेमा पुढे कितीतरी वेळ जपानीतच चालला. अक्का भिंतीशी बसून त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. शेवटी साडू खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "डब्यात असं कोण घालतं?"

दुसऱ्या दिवशी ते गेटवर गेले नाहीत. पावसाळा सरता सरता त्यांनी आपणहून माझ्याकडे खरवईच्या नोकरीचा विषय काढला, आणि मी ती लावून दिली. खाकी ते खाकीच, कंपनीच्या नावाची पट्टी तेवढी बदलली. खंडेनवमीला पूजा झाली नाही. पूजा करायला कुलूपच नव्हतं, फाटक काढून नेलं होतं. खरं धुराडं पाडलं त्या दिवशी अर्धं अंबरनाथ बघायला लोटलं. मी साडूंना विचारलं, येता का. ते म्हणाले, "बघितलंय मी." अक्काच्या मनासारखं झालं होतं, असं म्हणायला हरकत नव्हती. फक्त घरात रविवारी कुणी आलं तरी आता 'जपानी लावू का' असं कुणी विचारत नव्हतं, आणि डबा अजूनही भरलेलाच परत येत होता. खरवईच्या कॉम्प्लेक्समध्ये भोंगा नव्हता. कशाची वाट पाहतात हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अक्काने एकदा माझ्या बायकोला म्हटलं, "दाखवलं नसतं तर बरं होतं गं. निदान बोलत तरी होते."

मागे एका रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. साडू नुकतेच सकाळची पाळी करून आले होते. भरलेला डबा त्यांनी दाराशी ठेवला आणि खाटेवर बसले. पंखा थांबला, लाईट गेली. आम्ही चौघं त्या बंद टीव्हीसमोर बसून राहिलो, कारण त्या खोलीत बसायची दुसरी जागा नाही. अक्का धागे कापत होती. थोड्या वेळाने अक्काने हातातली पँट बाजूला ठेवली, उठली, दाराशी जाऊन डबा उचलला आणि आत शेगडीकडे न नेता साडूंच्या मांडीवर आणून ठेवला. मग टीव्हीच्या काळ्या काचेशेजारी उभी राहिली आणि साडू ज्या आवाजात त्या मुलीचं बोलायचे, त्याच बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, डबा आणलाय. वाल आहेत. गार झालेत, पण खाऊन घ्या."

माझ्या बायकोने माझा हात धरला. साडूंनी झाकणावर हात ठेवला. त्या काळ्या काचेकडे ते बराच वेळ बघत राहिले, जणू म्हातारा काय म्हणतो ते त्यांनाही ऐकायचं होतं. मग त्यांनी घसा खाकरला, आणि कितीतरी महिन्यांनी तो जाड आवाज आम्ही ऐकला.

"खातो. आत्ताच खातो."

त्यांनी कडी काढली आणि तिथेच बसून गार वाल खाल्ले. अक्का परत धाग्यांकडे वळली नाही. डबा रिकामा होईपर्यंत ती त्यांच्यासमोर बसून राहिली.